बिनजोड

खोलीत शिरल्यावर नजर आधी जाते ती दोन खाटांवर, आणि त्या दोन्हींत सारखं असं काहीच नाही. उजवीकडची लोखंडी, नळीची, उशाला उभ्या गजांची कमान असलेली. तिच्या चारही कोपऱ्यांना पितळी गोंडे होते, त्यातले तीन उरलेत. डावीकडची सागवानी, बसकी, सुती नवारीने विणलेली. लोखंडी खाट अकरा वर्षांच्या थोरलीची, नवारीची सहा वर्षांच्या धाकल्याची. दोन्हींच्या मध्ये, खिडकीखाली, शिवणयंत्राचा बिडाचा सांगाडा आणि त्यावर एक जाड फळी. ते दोघांचं अभ्यासाचं टेबल. कपाट कुठल्या काळातलं, पेट्या कुठल्या, पुस्तकांची फळी कुठल्या दाराची, याचा एकमेकांशी काही संबंध नाही. तरी खोलीत पाऊल टाकल्यावर पसारा वाटत नाही. असं का होतं, याचा विचार मी गेले कित्येक महिने करते आहे.

घर माझ्या मावसबहिणीचं, नरडाण्यात. गाव शिंदखेडा तालुक्यातलं; एका अंगाने सुरत-भुसावळ रेल्वे, दुसऱ्या अंगाने मुंबई-आग्रा महामार्ग, आणि आता एमआयडीसी. मेहुणे तिथेच एका कारखान्यात कामाला आहेत. घराचा पुढचा भाग स्लॅबचा, मागच्या दोन खोल्या अजून धाब्याच्या: हातभर रुंद मातीच्या भिंती, सागाचे खांब, वर लाकडी पाटण आणि त्यावर मातीचा थर. मे महिन्यात खान्देशात पारा पंचेचाळिशीला टेकतो, तेव्हा स्लॅबखाली रात्री दोन वाजताही झोप लागत नाही. म्हणून मुलांना मागची खोली मिळाली. घरातली सगळ्यात जुनी खोली घरातल्या सगळ्यात लहान माणसांना, आणि कारण शुद्ध व्यवहाराचं. या खोलीतल्या जवळजवळ प्रत्येक गोष्टीमागे असंच एखादं व्यवहाराचं कारण आहे. तिच्या देखणेपणाचं मूळ मला तिथेच सापडतं.

बहिणीने धुळ्याला दुकानात जाऊन नव्या खाटाही पाहिल्या होत्या. एकावर एक अशी दुमजली खाट, एका बाजूला गुलाबी, एका बाजूला निळी, दोन्हींकडे सारखेच खण, सारखेच दिवे. ती घेतली नाही याचं कारण तिने मला एका वाक्यात सांगितलं: "दोन सारख्या वस्तू आणल्या की पोरं मोजायला लागतात." सारख्या दोन खणांत एकाचा खण अर्ध्या बोटाने मोठा असला तरी रात्रभर भांडण. पण लोखंडी खाट आणि नवारीची खाट यांची तुलना कशी करणार? एक उंच, तिच्याखाली पेटी सरकते, गजांना ओढणी बांधून तंबू होतो. दुसरी जमिनीलगत, तिच्यावर उडी मारली तर ती परत वर फेकते. धाकला मला पहिल्यांदा खोली दाखवायला घेऊन गेला, तेव्हा नवारीवर आडवा पडून म्हणाला, "हाई मनी खाट शे," म्हणजे ही माझी खाट. थोरलीची खाट चांगली की तुझी, असं विचारल्यावर त्याला प्रश्नच कळला नाही.

आता या खाटा जरा जवळून पाहू. लोखंडी खाट शिरपूर रस्त्यावरच्या एका भंगाराच्या दुकानातून किलोच्या भावाने आलेली. भंगारात लोखंडाला आकार नसतो, नुसतं वजन असतं. कमान, गोंडे, जोडावरची ओतीव फुलं यांचे वेगळे पैसे कोणी मागत नाही. तिच्यावर तीन रंगांचे थर होते. वरचा पिवळट पांढरा, मधला दवाखान्याचा हिरवा, तळाशी काळा. हे थर बहिणीने ज्या पद्धतीने काढले, ती मला फार आवडली. मुलांना आठवडाभर मोठ्या मायकडे, म्हणजे त्यांच्या आजीकडे, पुढच्या घरात झोपवलं. खाट अंगणात नेली, पाणी मारून ओल्या पॉलिश पेपरने घासली, म्हणजे धूळ उडू नये, आणि निघालेला गाळ कागदात गोळा करून बाजूला टाकला. कारण जुन्या तेलरंगात शिसं असू शकतं. आपल्याकडे घरगुती रंगांतल्या शिशावर दहा लाख भागांत 90 भाग अशी मर्यादा घालणारा नियम 2016 साली झाला आणि नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. त्याआधीचा रंग असलेली प्रत्येक वस्तू संशयितच धरायची. लहान मुलं खाटेचे गज चावतात, नखांनी पोपडे काढतात. जुन्या वस्तूंवर प्रेम करणाऱ्याला एवढं ठाऊक असलंच पाहिजे. नुसत्या डोळ्यांनी केलेलं प्रेम मुलांच्या खोलीत पुरत नाही. मग रेड ऑक्साइडचा एक हात आणि वर गडद बाटलीहिरवा.

चौथ्या गोंड्याची जागा रिकामी होती आणि तिथे आट्यांचा टोकदार गज उघडा राहत होता. तसाच गोंडा मिळाला नाही. तेव्हा थोरलीने आपला जुना लाकडी भोवरा आणला. त्याची आर उपटून काढली आणि जिथे आर होती ते भोक गजावर धरून भोवरा फिरवत फिरवत घट्ट बसवला. तीन पितळी गोंडे आणि चौथा लाल-पिवळ्या पट्ट्यांचा लाकडी भोवरा. माझ्या मते सबंध खोलीची गुरुकिल्ली त्या कोपऱ्यात आहे. उणीव झाकलेली नाही, तिची माफीही मागितलेली नाही. तिथे खाटेच्या मालकिणीने आपली सही केली आहे. तीन पितळी गोंड्यांची चमक त्या भोवऱ्यामुळेच लक्षात येते. चारही जागेवर असते तर नजर त्यांच्यावरून घसरून गेली असती.

नवारीची खाट कुठून आणायची नव्हती, ती माळ्यावर होती. तिच्यावरच मेहुण्यांचा जन्म झाला. बाळंतिणीची बाज म्हणून ती घरात ओळखली जायची आणि नंतर कित्येक वर्षं तिच्यावर उन्हाळ्यात पापड नि कुरडया वाळल्या. सागाला काहीच झालेलं नव्हतं, फक्त वीण गेली होती. मोठ्या मायने स्वतः बसून ती पुन्हा विणली: आधी आडव्या पट्ट्या ताणून, मग उभी पट्टी एकीच्या वरून, एकीच्या खालून. पांढऱ्या नवारीत मध्येच दोन निळ्या काठांच्या पट्ट्या आल्या, कारण पांढरी संपली. त्या दोन पट्ट्यांमुळे खाटेला डोकं कुठे नि पाय कुठे हे आपोआप ठरलं. पायथ्याची दोरी महिना-दीड महिन्याने ढिली पडते, मग ती ओढून खाट ताणायची असते. हे काम धाकल्याचं आहे. तो पाय खुरावर रोवून दोरी ओढतो, मोठी माय गाठ मारते. आपली झोपायची जागा स्वतःच्या हाताने नीट करावी लागणं ही लहान मुलाच्या आयुष्यातली मोठी गोष्ट आहे, आणि कुठलीही तयार खाट ती देऊ शकत नाही.

भिंतींकडे वळू. या खोलीची रचना भिंतींनी आधीच करून ठेवली होती, असं मला वाटतं. मातीच्या भिंतीत तीन देवळ्या आहेत, तीन वेगळ्या उंचीवर. दाराजवळची खांद्याच्या उंचीला, दिव्यासाठी, मधली कमरेला, कोपऱ्यातली जमिनीपासून वीतभर वर, ती कशासाठी केली होती हे आता घरात कोणालाच सांगता येत नाही. दिव्याच्या देवळीच्या माथ्यावर काजळीचा जिभेसारखा डाग आहे. चुन्याचे कितीही हात दिले तरी तो वर येतोच. बहिणीने भिंतींना चुना दिला तेव्हा त्यात निळीची झाक जरा जास्त टाकली, म्हणून सकाळी खोली थंड निळसर दिसते आणि दुपारी खिडकीतून ऊन आलं की पांढरीशुभ्र. काजळीचा डाग तिने घासला नाही. आता त्या देवळीत थोरलीचा अभ्यासाचा विजेचा दिवा आहे. दिव्याच्या जागी दिवाच राहिला. जमिनीलगतची देवळी धाकल्याने न विचारता आपली केली. तिच्यात त्याचे दगड, एक तुटका ट्रॅक्टर, सागरगोटे आणि कापसाचं एक बोंड आहे. त्याच्या उंचीला सोयीची खोलीतली ती एकच जागा होती. मधली दोघांची, आणि तिच्यावर कधीमधी वाद होतो.

भिंतीत खुंट्या आहेत, सागाच्या, भिंत बांधताना आतच घातलेल्या. त्यांच्यावर पूर्वी दोर, विळे, पगड्या, बैलांच्या घंटा टांगत. त्या मोठ्या माणसाच्या हाताच्या उंचीला. धाकल्यासाठी बहिणीने खाली चार नव्या खुंट्या मारून घेतल्या, जुन्याच लाकडाच्या. मोडलेल्या औताच्या दांड्याचे तुकडे सुताराकडून तासून घेतले. त्यामुळे एका भिंतीवर दोन ओळी झाल्या: वर थोरलीचं दप्तर, ओढणी, शाळेचा स्वेटर, खाली धाकल्याची टोपी, छोटं दप्तर, गोफण. धाकल्याची उंची वाढेल तशी त्याची दप्तरं वरच्या ओळीकडे सरकतील. मुलांच्या खोलीत सगळ्यात जास्त चुकतं ते उंचीचं. सगळं मोठ्यांच्या नजरेला सोयीचं असतं. इथे दोन वयं भिंतीवर सरळ वाचता येतात.

टेबलाचा सांगाडा मोठ्या मायच्या शिवणयंत्राचा. यंत्राचं डोकं कधीच निकामी झालं, सांगाडा मात्र जसाच्या तसा: बिडाची वेलबुट्टी आणि मागच्या पट्टीवर कंपनीचं नाव ओतीव अक्षरांत. वरची फळी म्हणजे गावात पाडलेल्या एका घराच्या दाराची अर्धी झडप. खान्देशात जुनी घरं पडतात तेव्हा विटा-मातीला कोणी विचारत नाही, सागवानाला मात्र लगेच गिऱ्हाईक मिळतं. त्या झडपेवर कडीच्या फेऱ्याने झिजून एक अर्धवर्तुळाकार खाच पडली आहे. वर्षानुवर्षं रात्री दार लावताना आणि सकाळी उघडताना पडलेली ती खाच. थोरली तिच्यात पेन्सिल ठेवते, म्हणजे ती घरंगळत नाही. चाक बहिणीने काढून टाकलं, कारण त्याच्या आऱ्यांत बोटं अडकतात. पायडल ठेवलं. पाढे पाठ करताना दोघंही त्यावर पाय हलवतात, आणि पाढ्याला आपसूक ठेका मिळतो. मी एका संध्याकाळी बाहेरच्या ओटीवरून तो खालीवर होणारा खडखडाट आणि एकोणीसचा पाढा ऐकला आहे.

टेबलावर पेन्सिलींसाठी पत्र्याचा डबा आहे, सनफ्लॉवर वनस्पती तुपाचा, अक्षरं झिजत आलेली. ते तूप अमळनेरला व्हायचं. नरडाण्याहून त्याच रेल्वेने पूर्वेकडे गेलं की बेटावद, पाडसे आणि मग अमळनेर. तिथे 1945 साली महंमद हाशम प्रेमजींनी वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स ही कंपनी काढली. आज तिला जग विप्रो म्हणून ओळखतं. माझ्या लहानपणी असे डबे घरोघरी होते. तूप संपलं की डाळ, डाळ गेली की खिळे. इथे त्यात खडू आणि रंगपेन्सिली आहेत. डब्याची तुटकी कड पक्कडीने आत वळवून ठोकून घेतली आहे, हे हात फिरवल्याशिवाय कळत नाही.

आणि ते घंगाळ. मला या खोलीतल्या एकाच वस्तूपाशी बसायला सांगितलं तर मी घंगाळापाशी बसेन. तांब्याचं, दोन कड्यांचं, आंघोळीच्या पाण्याचं. बहिणीच्या माहेरून आलं, आणि घरात कायम सांगितलं जातं की ते सोनगीरचं. नरडाण्याहून धुळ्याला जाताना महामार्गावर लागतं ते सोनगीर, किल्ल्याचं. तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी त्याचं नाव जुन्या काळापासून आहे. घंगाळाच्या अंगावर मठारकामाचे ठोके आहेत. काठापाशी ते दाट आणि बारीक, पोटाकडे विरळ आणि मोठे. तांबटाने काठ मजबूत व्हावा म्हणून तिथे जास्त ठोकलं. ठोकल्याने तांबं कठीण होतं, एवढं साधं कारण. पण डोळ्यांना ती एक चढत जाणारी लय दिसते. प्रत्येक ठोक्यावर खिडकीतला उजेड वेगळा पडतो. एका बाजूला पोचा आहे, विहिरीच्या काठावरून पडल्याचा, असं म्हणतात. यात आता दोघांची खेळणी असतात. रात्री खेळणी गोळा करायची वेळ आली की गोट्या घंगाळात ओतल्या जातात आणि मातीच्या भिंतीतही तो आवाज घुमतो. प्लास्टिकच्या टोपलीत खेळणी टाकताना मुलं टाळाटाळ करतात. इथे गोट्या ओतायला चढाओढ असते. चिंच लावून घंगाळ घासायचं काम दिवाळीच्या आधी होतं. बाकी वर्षभर त्याच्यावर तपकिरी मऊ झाक चढते, ती मला लख्ख घासलेल्यापेक्षाही जास्त आवडते.

अंथरुणं सांगायची तर दोन गोधड्या. दोन्ही मोठ्या मायच्या हातच्या, जुन्या लुगड्यांच्या थरांच्या. एकीत हिरवा काठ चौकोनी फेऱ्यांनी बाहेरून आत येत जातो आणि मध्यभागी एक तळहाताएवढा लाल तुकडा येतो. दुसरीत रांगा आडव्या, शेतातल्या सरींसारख्या. धावदोरा सगळीकडे सारखा नाही. काही ठिकाणी टाके लांब पडलेत, तिथे बहुतेक बोलणं चाललं असेल किंवा डोळा लागला असेल. कापसाच्या काळ्या जमिनीच्या या पट्ट्यात गोधडी ही काही दुर्मीळ वस्तू नाही. धुळ्याच्या नि अमळनेरच्या प्रताप मिलचं कापड अंगावर घालून इथल्या दोन-तीन पिढ्या मोठ्या झाल्या. त्या कापडाचे उरलेले तुकडे आता अशा गोधड्यांच्या आतल्या थरातच सापडतील. थोरलीच्या गोधडीच्या एका कडेला तिच्या बालवाडीच्या गणवेशाची निळी पट्टी शिवलेली आहे. ती धाकल्याला हवी होती. मग त्याच्या गोधडीला त्याच गणवेशाचा खिसा लावला, उघडा, आत हात जाईल असा. त्यात तो झोपताना काहीतरी ठेवतो आणि सकाळी काढतो. काय ठेवतो हे विचारायची घरात कोणाला परवानगी नाही.

लोखंडी खाटेखालची पेटी पत्र्याची, आजोबांची, नोकरीत बदल्या व्हायच्या तेव्हाची. झाकणावर पेंटरने काढलेलं त्यांचं नाव आणि गाव, अक्षरांना उजवीकडून पिवळी सावली. ते खोडलेलं नाही. मुलांनी आपली नावं झाकणाच्या आतल्या बाजूला खडूने लिहिली आहेत. पेटी उघडल्यावरच ती दिसतात.

पुस्तकांत रद्दीतून आलेले 'किशोर'चे जुने अंक आहेत, कोणीतरी सहा-सहा महिन्यांचे एकत्र शिवून घेतलेले. बालभारतीचं हे मासिक 1971 साली सुरू झालं. या अंकांतली शब्दकोडी आधीच्या कुणा मुलाने पेन्सिलीने अर्धवट सोडवली आहेत. थोरली उरलेली पेनने पूर्ण करते. एका कोड्यात आधीच्या मुलाचा शब्द चुकीचा होता. तिने तो खोडला नाही, शेजारी बारीक अक्षरांत बरोबर शब्द लिहिला. धाकला चित्रं पाहतो. एकाच अंकात दोघं दोन टोकांना वाचत बसलेली मी पाहिली आहेत, पुस्तक नवारीवर उघडं, दोघांची डोकी एकमेकांना टेकलेली.

समोरच्या भिंतीवर नकाशा. शाळेच्या जुन्या सामानातून आलेला, कापडावर चिकटवलेला, वर-खाली लाकडी दांडे. हा द्वैभाषिक मुंबई राज्याचा, म्हणजे 1956 ते 1960 या चार वर्षांतला. त्यात महाराष्ट्र नाही, गुजरात नाही. सौराष्ट्रापासून विदर्भापर्यंत एकच फिकट गुलाबी रंग. सुरत आणि नरडाणा यांच्यामध्ये राज्याची सीमारेघ नाही, फक्त तापी नदी आणि रेल्वेचा काळा-पांढरा दोर. जिल्ह्याचं नाव पश्चिम खानदेश. 1906 साली खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले होते, तेच नाव तेव्हाही चालू होतं. नंदुरबार वेगळा जिल्हा झाला 1998 मध्ये, म्हणजे नकाशात तोही याच्याच पोटात. थोरलीने यावरून मेहुण्यांना इतके प्रश्न विचारले की त्यांना धुळ्याहून इतिहासाचं पुस्तक आणावं लागलं. सजावट म्हणून भिंतीवर लावलेली किती चित्रं मुलांना असं कामाला लावतात? शिवाय नकाशाचा तो विटलेला गुलाबी रंग निळसर चुन्यावर काय उठून दिसतो! कापडाच्या घड्यांवर नद्या तुटल्या आहेत. तिथे धाकल्याने निळ्या खडूने तापी जोडून दिली. बहिणीने ती पुसली नाही.

मला या खोलीवरून स्वीडनच्या कार्ल लार्सनची जलरंगातली चित्रं आठवतात. सुंदबॉर्न गावात त्याला आणि कारिनला 1888 साली तिच्या वडिलांकडून एक छोटं घर मिळालं. ते त्यांनी जुन्या फर्निचरला हिरवे-तांबडे रंग देऊन आणि कारिनच्या हातच्या विणकामाने आपल्या मोठ्या गोतावळ्यासाठी सजवलं. त्याची चित्रं 1899 साली 'एत हेम' या पुस्तकात आली आणि तिकडच्या घरांची चवच बदलली. त्यांतल्या आई नि लहान मुलींच्या खोलीच्या चित्रात खाटा एका मापाच्या नाहीत, मुलांचे कपडे विखुरलेत, आणि तरी चित्र शांत आहे. लार्सन जाणकार चित्रकार होता, कारिनही शिकलेली चित्रकार. माझ्या बहिणीने कुठल्याही कलाशाळेचं तोंड पाहिलेलं नाही. तरी दोन्हीकडे नजर एकच: वस्तू माणसांच्या वापरातून जागा घेतात, आणि ज्या वापरात नाहीत त्या लगेच उघड्या पडतात.

याच कसोटीवर या खोलीतली एक वस्तू मला पसंत नाही, आणि ते मी बहिणीलाही सांगितलं आहे. कपाटाच्या माथ्यावर एक जुना व्हॉल्व्हचा रेडिओ आहे, आतून पोकळ, फक्त पेटी आणि काच उरलेली. देखणा आहे, काचेवर गावांची नावं आहेत. पण तो कोणाच्याच हाताला येत नाही, त्याच्यात काही ठेवता येत नाही, त्याचा आवाजही नाही. खोलीतली इतर प्रत्येक वस्तू मुलांच्या हातांनी रोज थोडी बदलते. हा मात्र पाहुण्यांना दिसावा म्हणून बसला आहे. शहरातल्या हॉटेलांत बैलगाडीचं चाक भिंतीला टांगतात आणि कंदिलात बल्ब घालतात, त्या जातीची ही वस्तू. तो खाली उतरवावा, मागची फळी काढून त्यात कथापुस्तकं ठेवावीत, मग तोही या घरचा होईल. बहीण अजून तयार नाही. तो तिच्या वडिलांचा होता. तिचं कारण मला मान्य आहे, खोलीतली त्याची जागा मान्य नाही.

कपाटाबद्दल एक सांगायचं राहिलं. लोखंडी, जड, आरशाचं, जुन्या पद्धतीचं. बहिणीने त्याला मागून दोन पट्ट्या लावून सागाच्या खांबाशी बोल्टने जखडलं आहे. मातीच्या भिंतीत बोल्ट धरत नाही, म्हणून खांब. मुलं खण ओढून वर चढतात आणि कपाट अंगावर येतं, हे घडतं. गाद्या, पंखा आणि विजेच्या तारा मात्र तिने नव्याच घेतल्या, त्यात कसलीही तडजोड नाही. जुनं काय घ्यायचं हे अनेकांना कळतं. जुनं काय घ्यायचं नाही हे ज्याला कळतं, त्याच्या हातून अशी खोली होते. माळ्यावर एक रंगीत पाळणा होता, फार सुंदर, पण रंगाचे पोपडे सुटत होते आणि गजांमधली फट मुलाचं डोकं अडकेल एवढी. तो उतरवला, पाहिला, आणि पुन्हा वर ठेवला.

पांगुळगाडा मात्र खाली आला, तीन चाकांचा, सागाचा, रंग न दिलेला. धाकला त्यावर चालायला शिकला, आता त्याच्या आडव्या दांड्यावर ओले टॉवेल वाळतात. पाहुण्यांचं लहान बाळ आलं की टॉवेल काढून गाडा पुन्हा फरशीवर धावतो. शहाबादी फरशीच्या सांध्यांवर त्याची चाकं टक टक करतात, आणि धाकला बाळाच्या पुढे पाठमोरा चालत त्याला वाट दाखवतो.

थोरली आता बारा वर्षांची होईल. तिला थोडा आडोसा हवा आहे, आणि तो रास्त आहे. बहिणीने पडद्याचा विचार केला, पण पडद्याने खोली सरळ दुभागली असती आणि खिडकीचं वारं एकाच बाजूला राहिलं असतं. सध्या विचार असा चालला आहे: गावातल्याच एका पडक्या घराच्या खिडक्यांच्या तीन झडपा, खालचा भाग फळीचा, वरचा गजांचा, एकमेकींना जोडून उभी घडी करायची. थोरलीच्या खाटेच्या उशाशी ती उघडायची, नको असेल तेव्हा भिंतीला टेकवायची. खालच्या फळीमुळे आडोसा होईल, वरच्या गजांतून वारं आणि बोलणं दोन्ही जाईल. उंची खाटेच्या कमानीएवढीच ठेवावी, त्याहून जास्त नको, असं मी सुचवलं आहे. म्हणजे कमान, भोवरा आणि झडपांचा माथा एका रेषेत येतील. झडपांना वाळवी लागलेली नाही हे सुताराने टोच्याने टोचून पाहिलं. तो काम करायला तयार आहे. बिजागऱ्या मात्र नव्या घ्या, जुन्या मुलांच्या हाताला टिकणार नाहीत, असं त्याचं म्हणणं आहे, आणि ते बरोबर आहे.